रडार ऐकणारी माणसं

‘मला रडार ऐकू येतं,’ असं कुणी म्हटलं, तर आपण त्याला वेड्यातच काढू. अमेरिकी संशोधक अ‍ॅलन फ्रे यांना एका तंत्रज्ञानं हेच सांगितलं, तेव्हा त्यांनी तसं केलं नाही. ते स्वतः रडारच्या झोतात उभे राहिले आणि त्यांनाही डोक्याच्या मागच्या बाजूला बारीक गुणगुण ऐकू आली. १९६२ साली त्यांनी ते सविस्तर मांडलं. कानात बोळे घातले, तर आवाज उलट स्पष्ट होई! या माणसाचं मला फार कौतुक वाटतं. तंत्रज्ञाच्या साध्या बोलण्यावर विश्वास ठेवायलाही मोठं मन लागतं. उलगडा १९७४ मध्ये फॉस्टर आणि फिंच यांनी केला. रडारमधून येणाऱ्या मायक्रोवेव्हचा काही मायक्रोसेकंदांचा ठोका डोक्यातल्या ऊती अंशाच्या अगदी सूक्ष्म भागाइतक्या तापवतो; त्या झटकन प्रसरण पावतात, दाबाची लहर उठते आणि हाडांतून थेट अंतःकर्णात पोचते. त्यांची पडताळणी तर फारच सुंदर. पाण्यावर ठोके सोडले, तर आत ठेवलेल्या मायक्रोफोनला आवाज मिळे. पाणी ४ अंश सेल्सिअसवर आणलं, की तो नाहीसा होई, कारण त्या तापमानाला पाणी तापूनही फुगत नाही.