सव्वीस मिळणार नाही

“सव्वीसचा टायर? काका, तो आता कोणी ठेवत नाही. सरळ नवीच घेऊन टाका ना!”

बोलणारा मुलगा पंचविशीच्या आतला, दाढी कोरलेली, हातात कॉफीचा मग. दुकान काचेचं, वातानुकूलित, भिंतीवर टांगलेल्या प्रत्येक सायकलीवर वेगळा दिवा. सायकलच्या दुकानात कॉफी मिळते आणि टायर मिळत नाही, ही प्रगती आम्ही याच जन्मी पाहिली. मी टायरची किंमत विचारली होती, त्याने हप्त्यांचं पत्रक हातात दिलं. वर म्हणाला, “जीएसटी पण कमी झालाय.” झालाय, खरं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलींवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. पण दोन लाखांच्या वस्तूवर सात टक्के वाचवायचे तर आधी दोन लाख लागतात, हे काही त्या पत्रकात नव्हतं.

या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या घरचा नियम ठाऊक आहे. दुरुस्त होत नाही असं सिद्ध होईपर्यंत वस्तू भंगारात जात नाही, आणि सिद्ध कोणी करायचं हे ठरलेलं नाही. (मिक्सरचा लेख छापून आल्यावर काही वाचकांनी आपापले मिक्सर माझ्याकडे पाठवायची तयारी दाखवली होती. पुन्हा सांगतो, पाठवू नका.) ही सायकल भाच्याची. तो जर्मनीला गेला, ती आमच्या पार्किंगमध्ये राहिली. २०११ सालची, पुढे शॉक, मागे शॉक, मधे सांधे, म्हणजे फुल सस्पेन्शन. तिच्यावरून वेताळ टेकडीची खडकाळ वाट उतरतो तेव्हा माझी कंबर काही बोलत नाही. साठीकडे झुकलेल्या माणसाला सस्पेन्शनची याहून वेगळी परीक्षा घ्यायची नसते.

चाकांचा घोळ एकदाच सांगून टाकतो. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास सव्वीसच्या चाकाला ५५९ मिलिमीटर, साडेसत्ताविसाला ५८४ आणि एकोणतिसाला ६२२. म्हणजे २६ वरून २७.५ वर जाताना पाटीवर वाढतो दीड इंच आणि रिम वाढते २५ मिलिमीटर, पुरता एक इंचही नाही. २०१३-१४ च्या सुमारास कंपन्यांनी सव्वीसला वाऱ्यावर सोडलं ते एवढ्यापायी. मागचा हब १३५ मिलिमीटर रुंद असायचा, त्याचा १४२ झाला, मग १४८. फोर्कची नळी सरळ होती, ती खाली जाड झाली. प्रत्येक बदलाला कारण असतं, चाक ताठ राहतं, वळण नेमकं बसतं वगैरे. फक्त दर बदलागणिक जुन्या सायकलवाल्याचं एक दुकान बंद होतं.

आणि गंमत ऐका. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली ती काळी दुधाची सायकल, तिच्या २८ इंची चाकाची रिम आहे ६३५ मिलिमीटरची! ज्या एकोणतिशीसाठी तो मुलगा माझ्यापुढे हप्ते मांडत होता, तिच्याहून मोठी रिम गवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या चालवली, तीही हप्ते न भरता. (टायर बारीक असल्यामुळे बाहेरून मोजलं तर एकोणतीसच मोठं भरतं. हे मीच सांगून ठेवतो, म्हणजे तुमचं एक पत्र वाचेल.)

तर टायर न घेता मी बाहेर पडलो आणि आमच्या सायकलवाल्या मामांकडे गेलो. मामांचा सगळा संसार छर्रे, कोन आणि ग्रीसवर उभा राहिलेला. त्यांचं म्हणणं एकच, आधी खोला, मग खरेदी करा. खोलली. मागचा त्रिकोण ज्या सांध्यांवर हलतो त्यात बेअरिंगं असतात. चाकातलं बेअरिंग गरगर फिरतं. हे बिजागरीसारखं जेमतेम काही अंश पुढे-मागे होतं. तेच छर्रे त्याच जागी घासतात, कड्याला खड्डे पडतात, त्यात पावसाचं पाणी शिरतं आणि गंज धरतो. सायकल कुरकुरते, मागून हेलकावते, आणि मालक समजतो शॉक गेला. शॉकची किंमत ऐकली की मग मालकच जातो.

बेअरिंगच्या कडेच्या रबरावर नंबर असतो. कापडाने पुसल्यावर दिसला, ६९०२ टू-आरएस. तो घेऊन नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या शेठनी विचारलं, “पंपाला?” म्हटलं, सायकलला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “सायकलला छर्रे लागतात.” मी नंबर पुन्हा सांगितला. त्यांनी मान हलवत मागच्या खणातून डबी काढली. पाचशेच्या दोन नोटा दिल्या, सगळी बेअरिंगं आली आणि वर सुटे परत मिळाले. मामांनी जुनी बेअरिंगं सॉकेट आणि लांब बोल्ट लावून दाबून काढली. हातोडी शेजारी होती, पण तिला हात लावला नाही. नवं बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर जोर आला की बेअरिंग बसता बसताच मेलं म्हणून समजा.

पुढच्या फोर्कमधलं खालचं तेल ५० तास चालवल्यावर बदला, असं रॉकशॉक्स कंपनी सांगते. ते वेळेत बदलणारा सायकलस्वार मला अजून भेटायचा आहे. आमचं तेल मामांनी ओतलं तेव्हा उकळलेल्या चहाच्या रंगाचं होतं. नवं तेल, नवी सील, धुतलेल्या फोमच्या रिंगा, आणि फोर्क पुन्हा दबायला लागला.

मोठा खर्च फक्त गिअरांवर केला. शिमानोच्या बारा गिअरांचा हट्ट धरला असता तर नवा फ्रीहब, आणि ओघाने बहुधा नवं चाक. शिमानोची डिओरची अकरा गिअरांची ११ ते ५१ दातांची कॅसेट जुन्याच हबवर बसते. पुढे तीन चकत्यांच्या जागी ३२ दातांची एकच, एक दात जाड आणि एक बारीक अशी, म्हणजे दगडधोंड्यांत चेन उडत नाही. पुढचा डिरेल्यर, डावा शिफ्टर आणि त्याची केबल कायमची निघाली. टायरचं म्हणाल तर सव्वीसचे टायर मॅक्सिस, केंडा, श्वाल्बे अजून बनवतात. मागवले की कुरिअरने घरी येतात.

मग हँडल. इथे हा लेख सायकलवरून उतरतो.

जुनी हँडलं ६६-६८ सेंटिमीटरची असायची, हल्ली ७८ ची असतात. उतारावर पुढचं चाक दगडावर आपटून वळायला बघतं तेव्हा रुंद हँडलाने ते आवरता येतं. मी ७८ चं घेतलं, बरोबर आखूड स्टेम घेतला आणि सायकल नेहमीच्या जागी, खांब आणि ॲक्टिव्हा यांच्या मधे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो. माझं हँडल, त्याला अडकलेली तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची कापडी पिशवी, आणि खाली सेक्रेटरींचा सवाल: “हे काय आहे?”

कोथिंबीर वाचली होती. तरीही दहाच्या सुमारास सेक्रेटरी टेप घेऊन खाली आले. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. शेजारी उभी असलेली एसयूव्ही पिवळ्या रेषेबाहेर वीतभर आलेली होती, तिचे आरसे तर त्याच्याही बाहेर. पण तिला पार्किंग ‘अलॉट’ झालेलं आहे. सायकलला कुठलंच पार्किंग अलॉट होत नाही, त्यामुळे ती कुठेही उभी केली तरी अतिक्रमणच.

“घरात ठेवा,” चेअरमन म्हणाले. घरात म्हणजे बाल्कनीत, आणि बाल्कनीचं दार अडीच फुटी. सेक्रेटरींनी तिथेच हिशेब केला, ७६ सेंटिमीटर. “दोन सेंटिमीटरचा प्रश्न आहे,” ते आनंदाने म्हणाले. सायकल तिरकी करून दारातून नेता येते हे मी सांगितलं, पण आकडा हाती आलेल्या माणसाला तिरकं काही ऐकू येत नाही. एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून ही म्हणाली, “बाल्कनीत नको, तिथे वाळवणं आहेत.” म्हणजे घरूनही विरोधी मत नोंदलं गेलं.

आजोबा मात्र माझ्या बाजूने होते. ते हँडल दोन्ही हातांत धरून उभे राहिले, डावी-उजवीकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “दोन्हीकडून कापून घ्या की थोडं.” यात तथ्य आहे, हीच पंचाईत. अशा बऱ्याच हँडलांच्या टोकांना कापायच्या खुणाच छापलेल्या असतात आणि मामांकडे त्यासाठी करवत आहे. पण टेकडीवरच्या दगडांसाठी घेतलेलं हँडल पार्किंगमधल्या पिशवीपायी कापायचं, हे मला मान्य नाही. मी तसं ग्रुपवर लिहिलं. त्याला अंगठे आले. कोणत्या बाजूचे ते कळलं नाही.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिका आली. लिफ्टची देखभाल, टँकरचं बिल, बाहेरचं रंगकाम, आणि चौथा विषय ‘पार्किंगमधील रुंद वाहने’. मला वाटलं, चला, एसयूव्हीवर बोलायला एकदाची हिंमत झाली.

तसं मी सेक्रेटरींना फोन करून म्हटलं. ते म्हणाले, “नाही हो, तुमचाच विषय आहे. टेप मी आणतोय.”