टॉवर आले, वन रूम किचन गेलं

मुलुंड, बोरिवली, चेंबूरच्या जुन्या वसाहतींमध्ये आज गल्लोगल्ली पत्र्यांची कुंपणं दिसतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून तिथे टॉवर चढत आहेत. रहिवाशांचं याबद्दल एकमत नाही आणि ते असण्याचं कारणही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजींना लिफ्ट हवी आहे. त्यांच्या मुलाला एक जादा खोली हवी आहे. शेजारच्या सोसायटीला पाण्याचा दाब, तुंबणारी गटारं आणि गल्लीत दुतर्फा लागणाऱ्या गाड्यांची धास्ती आहे. कुणाचंच म्हणणं खोटं नाही.

1991च्या नियमावलीत उपनगरांसाठी चटईक्षेत्र निर्देशांक 1 होता, म्हणजे हजार चौरस मीटरच्या भूखंडावर हजार चौरस मीटर बांधकाम. टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडावरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, आला तो वेगळा. 2018मध्ये लागू झालेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034’मध्ये मूळ निर्देशांक 1च राहिला. पण अधिमूल्य भरून मिळणारं क्षेत्र आणि टीडीआर धरून तो रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 2 ते 2.5पर्यंत जातो. त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे निर्देशांकाबाहेरचं जादा, क्षेत्र आहेच. शिवाय जुन्या सोसायट्यांना 33(7)(ब) या कलमाखाली प्रत्येक घरामागे 10 चौरस मीटर किंवा जुन्या बांधकामाच्या 15 टक्के, यांतलं जे जास्त असेल ते अधिमूल्याशिवाय मिळतं. पुनर्विकासाच्या ठरावासाठी पूर्वी 75 टक्के सभासदांची संमती लागायची. जुलै 2019पासून 51 टक्के पुरते.

या सवलतींमुळे पडायला आलेल्या इमारतींतली कुटुंबं सुरक्षित घरात गेली, हे मोठं काम आहे.

पण सर्वसाधारण सभेत हात वर करतो तो सभासद. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या भाडेकरूला तिथे मत नाही आणि इमारत पाडताना मिळणारं पर्यायी भाडंही त्याच्यासाठी नसतं. लग्न ठरलेलं, त्याच गल्लीत वाढलेलं जोडपं घर शोधायला निघतं तेव्हा नव्या टॉवरमधला विक्रीचा सर्वांत लहान फ्लॅटही त्यांच्या कर्जात बसत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदाला घर फुकट मिळतं, पण लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचा मेंटेनन्स दरमहा भरावा लागतो. विकासकाने दिलेल्या कॉर्पस निधीचं व्याज त्याला पुरलं नाही की घर विकून तो बदलापूर किंवा विरार गाठतो.

मुंबईत घर न परवडणारी माणसं कुठे जातात, हे जनगणना सांगते. 2001 ते 2011 या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली, तर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची सुमारे 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेली. या लांबच्या घरांची किंमत लोकलच्या दारात लटकून चुकवावी लागते. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांमधून प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती उभ्या राहिल्या. 2024मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हा कर्ज काढून तिथे घर घेतलेली कुटुंबं हवालदिल झाली. परवडणारं घर शोधताना ही कुटुंबं फसवणुकीच्या जाळ्यात सापडली होती.

म्हणूनच उपनगरांत मजले वाढायला विरोध करून भागणार नाही. वाढलेल्या मजल्यांत लहान घरं किती, हे विचारायला हवं.

तसा नियम राज्यातल्या मोठ्या शहरांसाठी आहे. 2013पासून 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या प्रकल्पांत 20 टक्के वाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावा लागतो. म्हाडाच्या सोडतीतली ‘20 टक्के सर्वसमावेशक योजना’ ती हीच. पण 4,000 चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर. उपनगरांतल्या सुट्या सोसायट्यांचे भूखंड बहुधा याहून बरेच लहान असतात. एकेक सोसायटी पाडली जाते, गल्लीच्या गल्ली बदलते आणि या नियमाखाली एकही लहान घर बांधावं लागत नाही.

एवढ्याशा भूखंडावर लहान घरं परवडत नाहीत, असं विकासक म्हणतात. त्यावर उपाय सरकारच्याच अनुभवात आहे. जानेवारी 2021मध्ये राज्याने बांधकामावरचं अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्मं केलं आणि बदल्यात ग्राहकांचं मुद्रांक शुल्क विकासकांना भरायला लावलं. सवलतीला अट जोडता येते, हे तेव्हा दिसलं. मग 30 चौरस मीटरपर्यंतच्या घरांसाठी अधिमूल्य माफ करावं आणि मोठ्या फ्लॅटसाठी ते पूर्ण घ्यावं. जमा झालेलं अधिमूल्य त्याच प्रभागातल्या जलवाहिन्या, गटारं आणि पदपथांवर खर्च झालं, तर शेजारच्या सोसायटीच्या तक्रारीलाही उत्तर मिळेल.

राज्याच्या 2025च्या गृहनिर्माण धोरणात 2030पर्यंत 35 लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली किती घरं बोरिवली-मुलुंडच्या स्थानकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतील, हे सरकारने प्रभागवार जाहीर करावं. आज उभा राहणारा टॉवर पुढची निदान पन्नास वर्षं हटणार नाही, म्हणून नगरविकास खात्याने 4,000 चौरस मीटरची मर्यादा 1,000वर आणण्याची अधिसूचना याच वर्षी काढावी.