नकाशा वाचणारे संवर्धक हवेत

डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियल येथे स्वीकारल्या गेलेल्या जागतिक जैवविविधता आराखड्याचे पहिलेच उद्दिष्ट जमिनीच्या आणि समुद्राच्या वापराचे नियोजन जैवविविधता लक्षात घेऊन व्हावे हे आहे. मात्र असे नियोजन कागदावरून प्रत्यक्षात आणणारी माणसे घडवण्याकडे अजूनही अक्षम्य दुर्लक्ष होत आहे. कोकणातील सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, महसुली दप्तरात बहुधा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीस अयोग्य, ठरतात, आणि पावसाळ्यात तेथे उगवणाऱ्या, अन्यत्र क्वचितच आढळणाऱ्या वनस्पतींची नोंद त्या दप्तरात कोठेच नसल्याने खाण किंवा कारखाना यांसाठी हीच जमीन प्रथम सुचवली जाते. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. परंतु जमिनीच्या गट क्रमांकाशी न जोडलेली नोंद नियोजनकाराच्या उपयोगाची ठरत नाही. संवर्धन क्षेत्रातील कार्यकर्ते व वनकर्मचारी प्रजाती ओळखण्यात निष्णात असतात. त्यांना सातबारा वाचणे, अधिवासांचे संगणकीय नकाशे करणे आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खालील प्रारूप आराखड्यावर मुदतीत सप्रमाण हरकत नोंदवणे शिकवले गेले पाहिजे, तसेच नगररचनाकारांनाही एक पावसाळा सड्यावर नेले पाहिजे. राज्य जैवविविधता मंडळ आणि नगररचना विभाग यांनी असा संयुक्त अभ्यासक्रम तातडीने सुरू करावा.