खिशांतलें टोपीचें पिस्तूल

खंडेनवमीस ज्या घरांत पूर्वापार शस्त्रपूजा चालत आली आहे, त्या घरांत तलवार, कट्यार, एखादा दांडपट्टा असा लवाजमा पाटावर मांडला जातो. क्वचित् एखाद्या घरीं त्याच पाटाच्या कडेस, जुन्या फडक्यांत गुंडाळलेलें, वीतभर लांबीचें, लांकडी मुठीचें आणि फिरत्या चक्रीचें एक पिस्तूलहि असतें. त्यास कोणी ‘सहाबारी’ म्हणतात, कोणी ‘पणजोबांचें पिस्तूल’ म्हणतात. याहून अधिक माहिती घरांत सहसा कोणास नसते. अडकित्ते, समया, गंजिफा यांचा संग्रह करणारीं माणसें पुण्यास नवीं नाहींत. परंतु या लहानशा वस्तूचा संग्रह कां व कसा करावा, याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. तो आज करावयाचा आहे.

संस्कृतांत शस्त्र आणि अस्त्र यांत भेद केला आहे. हातीं धरून ज्यानें वार करावयाचा तें शस्त्र. आणि जें दुरून फेंकावयाचें तें अस्त्र. ‘अस्’ म्हणजे फेंकणें, या धातूपासून तो शब्द झाला. त्या न्यायानें पाटावरची तलवार शस्त्र आणि तिच्या शेजारचें पिस्तूल हें अस्त्राच्या जातीचें. शाळेंत मुलांस इतिहास शिकवितांना मला नेहमीं असें आढळे कीं, तलवारीचे पराक्रम त्यांस तोंडपाठ असत. परंतु ज्या यंत्रानें तलवारीची सद्दी संपविली, त्याविषयीं मुलांचीच काय, त्यांच्या वडिलांचीहि पाटी कोरी असे.

या पिस्तुलाचें सारें मर्म ‘टोपी’मध्यें आहे. दारूस अग्नि कसा द्यावयाचा, हा बंदुकीच्या जन्मापासूनचा प्रश्न होय. प्रथम जळता तोडा होता. पुढें गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणारी चकमक आली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या रणांगणावर पेशव्यांची व कंपनीची गांठ पडली, तेव्हां कंपनीच्या शिपायांपाशीं चकमकीच्याच बंदुका होत्या. तोडा काय किंवा चकमक काय, दोहोंत एक दोष समान होता. रंजक बाहेर उघडी राही. पाऊस लागला कीं बार फुसका जाई.

१८०० मध्यें एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञानें पाऱ्यापासून, आघात होतांच पेटणारा एक क्षार करण्याची रीत प्रसिद्ध केली. अलेक्झांडर फोर्सिथ नांवाचे एक स्कॉच पाद्री शिकारीचे शौकीन होते. रंजकेची ज्वाळा पाहून पक्षी सावध होतात व उडून जातात, याचा त्यांस त्रास होई. म्हणून आघातानें पेटणारें द्रव्य बंदुकींत वापरण्याची युक्ति त्यांनीं काढली आणि १८०७ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पुढच्या पंधरावीस वर्षांत हें द्रव्य वाटाण्याहूनहि लहान अशा तांब्याच्या टोपींत भरण्याची सोय झाली. ही टोपी पोकळ बोंडीवर बसवावयाची. घोडा तिच्यावर आपटला कीं ज्वाळा आंतल्या दारूस जाऊन भिडते.

वाऱ्यापावसाचें भय गेलें, तेव्हांच अनेक बारांचें पिस्तूल खऱ्या अर्थानें व्यवहार्य झालें. अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट यांनीं फिरत्या चक्रीच्या पिस्तुलाचें पेटंट १८३५ मध्यें इंग्लंडांत व २५ फेब्रुवारी १८३६ रोजीं अमेरिकेंत घेतलें. घोडा मागें ओढला कीं चक्री एक घर पुढें सरकून आपल्या जागीं पक्की अडकते, ही त्यांतील खुबी. चक्रीच्या प्रत्येक घरांत पुढच्या तोंडानें दारू घालावयाची, वर शिशाची गोळी ठेवावयाची, ती नळीखालच्या दांड्यानें ठासावयाची आणि मागच्या बोंडीवर टोपी चढवावयाची, असा हा खटाटोप. एकदां भरलें कीं पांच किंवा सहा बार. मग पुनः सारें पहिल्यापासून. खिशांत मावेल असा कोल्टचा १८४९ चा नमुना इतका लोकप्रिय झाला कीं, १८७३ पर्यंत तशीं तीन लाखांहून अधिक पिस्तुलें बनलीं. त्याची गोळी इंचाच्या एकतीस शतांश व्यासाची.

इंग्लंडांत रॉबर्ट ॲडम्स यांनीं १८५१ मध्यें निराळी तऱ्हा काढली. तींत नुसता चाप ओढला कीं घोडा आपणच उठून आपणच पडे. त्याच सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत कोल्ट व ॲडम्स या दोघांचींहि पिस्तुलें मांडलीं होतीं. १८५७ च्या संग्रामांत कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेस पदरच्या खर्चानें घेतलेलीं असलीं पिस्तुलें होतीं. परंतु त्याच वर्षीं अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं धातूच्या काडतुसाचें रिव्हॉल्व्हर विकावयास काढलें, आणि टोपीच्या पिस्तुलास उतरती कळा लागली. म्हणजे याचा सारा बहर उणापुरा चाळीस वर्षांचा. म्हणूनच संग्राहकास तें मोलाचें वाटतें. वस्तु हातीं येतांच तिचा काळ सांगतां येतो.

तो काळ वाचावयाचा कसा? कोल्टच्या पिस्तुलांत नळी, चौकट, चक्री व चापाची कमान यांवर एकच अनुक्रमांक ठोकलेला असतो. अंक जुळले तर सर्व भाग मूळचे. न जुळले तर कोठें तरी जोडकाम झालें आहे. खिशांतल्या नमुन्याच्या चक्रीवर डाकगाडीवरील दरोड्याचा देखावा कोरलेला असे. इंग्रजी मालावर लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या कसोटीघराचे मुकुटांकित ठसे असतात; बेल्जममधील लीज शहरच्या मालावर लंबवर्तुळांत ई.एल.जी. हीं अक्षरें सांपडतात. टोपी उडाल्यावर राहणारा क्षारांचा मळ ओल ओढून घेतो. म्हणून वापरलेल्या पिस्तुलाच्या बोंड्यांभोवतीं गंजाचे खळगे बाकीच्या भागापेक्षां अधिक असतात. सर्वत्र सारखाच गंज दिसला तर तो मुद्दाम चढविला असावा, असा संशय घ्यावा. कारण जुन्या वस्तूंच्या बाजारांत नवी वस्तु जुनी करून विकणारे कारागीर कमी नाहींत.

येथपर्यंतची माहिती पुस्तकांतूनहि मिळूं शकेल. परंतु पुण्याच्या घरांत सांपडणाऱ्या पिस्तुलापाशीं दुसरा एक प्रश्न उभा राहतो, व माझ्या मतें तोच मुख्य होय: हें या घरांत आलें कसें? लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. त्यानें हिंदी माणसास परवान्यावांचून हत्यार बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांस मात्र मोकळीक ठेविली. हा पंक्तिप्रपंच इतका झोंबला कीं, १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसनें या कायद्याविरुद्ध ठराव केला. तेव्हां ज्या घरांत असें पिस्तूल टिकून राहिलें, त्या घरास कांहीं तरी कारण असलेंच पाहिजे. कोणाचे पूर्वज सांगली, मिरज, जमखिंडी, औंध, भोर अशा संस्थानांत कारभारी असतील. कोणास दरबारांतून तें बक्षीस मिळालें असेल. कोणीं जाणाऱ्या साहेबाच्या लिलावांत घेतलें असेल. आणि कोणीं तें परवान्यावांचूनच माळ्यावर दडविलें असेल. यांपैकीं प्रत्येक कथा हा इतिहासाचा एक निराळा तुकडा आहे. पिस्तुलें तीन लाख झालीं. ही कथा एकच असते.

आणि नष्ट होते ती नेमकी कथाच. १९४८ च्या जाळपोळींत गांवोगांवचीं घरें जळालीं, १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें. त्या वेळीं किती दप्तरें गेलीं याची गणती नाहीं. वाडे पाडून इमारती उभ्या राहतांना जें उरलें तेंहि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतें. लोखंड एक वेळ वांचतें. त्याच्याबरोबरची परवान्याची पावती, वाटणीपत्रांतील नोंद, आजोबांचें पत्र हीं मात्र रद्दींत जातात.

या बाबतींत आपल्या शहरापुढें दोन थोर उदाहरणें आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं दारोदार हिंडून कागद गोळा केले, ते नुसते बस्त्यांत बांधून ठेविले नाहींत. कोणता कागद कोठला हें नोंदवून छापून काढले. ज्या भारत इतिहास संशोधक मंडळाची १९१० मध्यें त्यांनीं स्थापना केली, तें आजहि त्याच कार्यासाठीं उभें आहे. दुसरें उदाहरण ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांचें. चष्म्यांचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थानें, पत्नी कमलाबाई यांच्या साहाय्यानें, दिवे, अडकित्ते, वाद्यें, शस्त्रें अशा वीस हजारांवर वस्तु जमविल्या. त्यास अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव दिलें. आणि १९७५ मध्यें तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. ‘संग्रह’ या शब्दाचा अर्थ नीट एकत्र ग्रहण करणें असा आहे. वस्तु, तिचा काळ आणि तिचें घर हीं तिन्ही एकत्र राहिलीं तर तो संग्रह. नुसती वस्तु राहिली तर ती सांठवण.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली जिवाची. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींहि पेटते. जुनें पिस्तूल सांपडतांच तें भरलेलें आहे असेंच समजावें. घोडा ओढून पाहूं नये, नळींत गज खुपसूं नये, तें विस्तवाजवळ नेऊं नये आणि मुलांच्या हातीं तर मुळींच देऊं नये.

दुसरी कायद्याची. जुनें आहे म्हणून परवाना नको, ही समजूत घातक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त हत्यारास सूट आहे. परंतु तें दुरुस्तीनें वा दुरुस्तीवांचून अग्निशस्त्र म्हणून चालण्याजोगें नसावें, ही त्यास अट आहे. आपलें पिस्तूल त्या अटींत बसतें कीं नाहीं, हें आपण ठरवावयाचें नसतें. पोलिसांस कळवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणें जाणकाराकडून तपासून घ्यावें व लेखी उत्तर जपून ठेवावें. परवान्याची वस्तु ठरलीच, तर २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रें ठेवितां येतात, हेंहि ध्यानांत असावें.

तिसरी, परदेशीं स्थायिक झालेल्या मुलाबाळांच्या मायेपोटीं होणाऱ्या अपराधाची. १९७२ च्या पुराणवस्तूंविषयींच्या कायद्यान्वयें शंभर वर्षांवरील अशी वस्तु खाजगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. आजोबांची आठवण म्हणून ती कोणाच्या सामानांत घालून देऊं नये.

चौथी निगेची. पिस्तूल निर्धोक ठरल्यावर तें कोरड्या सुती फडक्यानें पुसावें, खनिज तेलाचा अगदीं पुसट हात फिरवावा, आणि ओल धरणाऱ्या चामडी म्यानांत न ठेवतां कोरड्या जागीं ठेवावें. शिकलगाराकडे देऊन तें लखलखीत करून घेणें म्हणजे पोथी धुऊन पांढरी करण्यासारखें आहे. चकाकी येते, परंतु ठसे, अंक आणि चक्रीवरील देखावा पार पुसून जातो.

राहतां राहिली ती नोंद. एका कागदावर पिस्तुलाची लांबी, घरांची संख्या, त्यावरील सर्व अंक व अक्षरें लिहावीं, छायाचित्र जोडावें, आणि त्याखालीं तें घरांत कोणाकडून आलें हें ज्यानें ज्यानें जसें ऐकलें तसें, सांगणाराच्या नांवानिशीं उतरून घ्यावें. एकत्र कुटुंबांत हें काम सोपें आहे. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस विशेषेंकरून विचारावें. पुरुषांस पिस्तुलाचा रुबाब आठवतो. तें धान्याच्या कोठींत कोणत्या सालीं व कोणाच्या भयानें पुरलें गेलें, हें बहुधा सासूनें सुनेस सांगितलेलें असतें. थोरल्या सुनेनें विचारावें, शाळेंत जाणाऱ्या नातवानें लिहावें आणि त्याची एक प्रत मंडळासारख्या संस्थेकडे द्यावी. आजीबाईंची दृष्टि व स्मृति शाबूत आहे तोंवरच हें उरकून घ्यावें, एवढीच वाचकांस विनंति आहे.