भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

कलादालनातील उद्घाटनाचे काही ठरलेले संकेत असतात. पाहुणे जमतात, भाषणे होतात, चित्रांसमोर माना डोलावल्या जातात आणि चित्रकाराचे कौतुक होते. इटलीतील बोलोन्या शहरात १८ मार्च २०१६ रोजी असेच एक प्रदर्शन खुले झाले. पालाझ्झो पेपोली या प्रासादातील संग्रहालयात बँक्सीसह रस्त्यावरील कलेतील नामवंतांच्या कृती मांडल्या होत्या. परंतु या शहराच्या भिंती ज्याने जिवंत केल्या, त्या ब्लू नामक चित्रकाराने काही दिवस आधीच साथीदारांसह करडा रंग हाती घेतला आणि बोलोन्यातील आपली वीस वर्षांची चित्रे पुसून टाकली.

कारण होते ते प्रदर्शनच. पडीक इमारतींवरील त्याची काही चित्रे त्याला न विचारता भिंतीवरून उतरवून या दालनात आणण्यात आली होती. इमारती पडल्या असत्या तर चित्रेही गेली असती, ती आम्ही वाचवली, असा आयोजकांचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ नाही. पण जे चित्र येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही फुकट दिसत होते, ते पाहण्यासाठी आता तिकीट काढावे लागणार होते. ज्या वस्तीसाठी ते काढले, ती वस्ती चौकटीबाहेरच राहिली.

याचा अर्थ रस्त्यावरच्या कलेने दालनाची पायरी चढूच नये, असा नव्हे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर पांढऱ्या खडूने रेखाटने करणाऱ्या कीथ हेरिंगचे १९८२ मध्ये टोनी शाफ्राझी यांच्या दालनात प्रदर्शन झाले. १९८६ मध्ये त्याने स्वतःच ‘पॉप शॉप’ हे दुकान काढले आणि सामान्यांना परवडतील असे सदरे व बिल्ले विकायला ठेवले. कला बाजारात मांडल्याची टीका त्याने सोसली. मात्र त्याची भुयारातील रेखाटने लोक काढून नेऊन विकू लागले, तेव्हा त्याने ती काढणेच थांबवले. दालनात जायचे की नाही, हे हेरिंगने ठरवले. ब्लूच्या बाबतीत ते इतरांनी ठरवले. वादाचे मूळ नेमके येथे आहे.

भारतात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. दिल्लीतील विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढून टाकण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ चा आधार घेत शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वस्तू सरकारच्या मालकीची झाली, तरी कलावंताचे तिच्याशी असलेले नाते संपत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. अर्थात सहगल यांना ते काम सरकारनेच दिले होते. विनापरवाना भिंत रंगवणाऱ्याची अडचण निराळी. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. अशा चित्रकाराने हक्क सांगायचा, तर आधी गुन्हा कबूल करावा लागेल!

तोडगा नाही असे नाही. २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये कला महोत्सव भरला, तेव्हा चित्रे दालनात न नेता प्रेक्षकांनाच १८७५ च्या त्या गोदीत बोलावले गेले. मासळीच्या वासातच लोकांनी कलाकृती पाहिल्या आणि तेथे राबणाऱ्यांची भव्य छायाचित्रे भिंतींवर झळकली.

प्रत्येक प्रदर्शन गोदीत भरणार नाही, हे उघड आहे. तरीही भिंतीवरचे चित्र दालनात आणताना दिवे आणि विम्याची व्यवस्था करण्यापूर्वी चित्रकाराला विचारणे कठीण नाही. बोलोन्यात तेवढे झाले नाही. प्रदर्शन पार पडले; शहराच्या वाट्याला करड्या भिंती उरल्या.