जुनी मोटार आणि नवी ठिणगी

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेकरिता चार शब्द लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही बाजारभाव, साठ्यावरील निर्बंध किंवा बाजार समितीचा कारभार यांपैकी एखादा विषय घेऊ अशी मंडळींची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी लेखणी चालतील. आम्ही लिहिणार आहोत ते घरच्या जुन्या मोटारीविषयी. आपल्या अनेक सभासदांच्या वाड्यात किंवा गुदामाच्या पडवीत अशी एखादी फियाट अगर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी आहे, आणि तिचे काय करावे यावरून बापलेकांत मतभेद आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून हा विषय घरगुती असला तरी अगदीच खासगी नव्हे.

आमची गाडी १९७४ सालची. त्याच वर्षी या गाडीस 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. तत्पूर्वी १९६४ पासून ती फियाट ११०० म्हणून ओळखली जाई. सोलापूरच्या व्यापारी घराण्यात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार झाल्या. चालू शतकाच्या आरंभी त्यांचे उत्पादन थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही कायमची गेली. कै. अप्पांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून ही गाडी घेतली. रविवार पेठेतील आमच्या पेढीवर ती प्रथम आली त्या दिवशी हमालांनाही पेढे वाटले होते. तेव्हा ही गाडी आम्हांस केवळ वाहन नाही, हे वेगळे सांगावयास नको.

या गाडीच्या १०८९ सीसी इंजिनात पेट्रोल पेटविणारी ठिणगी कशी पडते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह चालू असतो. तो अचानक तोडला की कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. हा प्रवाह तोडण्याजोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील दोन लहानसे पॉइंट करतात. आपले मिस्त्री या डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. डेल्को हे चार्ल्स केटरिंग यांच्या अमेरिकेतील कंपनीचे नाव. १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारीस त्यांनी या पद्धतीची ठिणगी-योजना बसविली, आणि ते नाव सातासमुद्रांपलीकडून येऊन आपल्या गॅरेजांत कायमचे वस्तीस राहिले.

इंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असता हे पॉइंट सेकंदास शंभर वेळा उघडतात व मिटतात. पॉइंटची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, टोके जळून काळी पडतात. त्यांमधील फट मुळातच अर्ध्या मिलिमीटरहून कमी. ती आणखी कमी झाली की ठिणगी उशिरा व दुबळी पडू लागते. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर पॉइंट घासणे, फट मोजणे, कंडेन्सर बदलणे हे आलेच. पूर्वी पॉइंटचा एक संच पुष्कळ चाले. अलीकडे बाजारात मिळालेले दोन संच आमच्याकडे एक पावसाळाही टिकले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आषाढात आम्ही पणजीहून परत येत होतो. गाडीत सौ., सूनबाई आणि सात महिन्यांची नात होती. चोर्ला घाटात, ऐन वळणावर, दिवेलागणीच्या सुमारास गाडी आचके देऊन बंद पडली. धुके दाट, वरून पाऊस, मोबाईलला रेंज नाही, आणि मागून मालमोटारी येत होत्या. आम्ही छत्रीखाली डेल्कोचे झाकण उघडले. पॉइंटची टाच झिजून फट जवळजवळ मिटली होती. फट मोजण्याची पट्टी जवळ नव्हती. तेव्हा आमच्याच पेढीचे व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून पॉइंट बसविले, आणि गाडी सुरू झाली. आम्हांस त्या वेळी विजयाचा आनंद झाला. परंतु मागे वळून पाहिले तो सूनबाई नातीला पदराखाली घेऊन थरथरत बसल्या होत्या. तो आनंद तिथेच संपला.

घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, एक तर या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, नाही तर ती विकून टाका. यापुढे आमची माणसे तीत बसणार नाहीत." आम्ही उत्तरलो, "अप्पांच्या गाडीत परका जिन्नस घालणार नाही." आठ दिवस घरात अबोला होता.

त्या आठ दिवसांत आम्हांस पेढीवरचा एक जुना प्रसंग आठवला. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली, तेव्हा अप्पांनी शेर व मण सोडून किलो स्वीकारला. पितळी पायली मात्र मोडीत न घालता देव्हाऱ्याशेजारी ठेवली. पुढे आम्ही इलेक्ट्रॉनिक काटा आणला तेव्हा अप्पा एवढेच म्हणाले, "काटा नवा घे. पण जुना तराजू पडताळणी करून हाताशी ठेव." ऐन बाजाराच्या दिवशी वीज गेली तेव्हा त्याच तराजूवर आम्ही ज्वारी मोजली. ज्या अप्पांच्या नावाने आम्ही नव्याला नकार देत होतो, त्या अप्पांनी नव्याला कधी नकार दिलाच नव्हता! त्यांची अट एकच असे: मागे फिरण्याची वाट मोडू नये.

या कसोटीवर आम्ही निर्णय केला. बाजारात संपूर्ण नवा डिस्ट्रिब्युटर मिळतो, तसाच जुन्याच्या पोटात बसणारा लहान संचही मिळतो. या संचात पॉइंटच्या जागी एक चुंबकाचे कडे व ते ओळखणारा संवेदक असतो. प्रवाह तोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतो. घासणारे काही नाही, म्हणून झिजणारेही काही नाही. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. वेगाप्रमाणे ठिणगी पुढेमागे करणारी वजने व स्प्रिंगा जुन्या डेल्कोत त्याच इंजिनाच्या मापाने बसविलेल्या असतात. कोणत्याही गाडीस चालेल म्हणून विकलेला नवा डिस्ट्रिब्युटर ते माप पाळीलच असे नाही. शिवाय जुना डेल्को जाग्यावर राहिला, तर अर्ध्या तासात पूर्वस्थिती आणता येते.

आमच्या वृद्ध मिस्त्रींना हे सांगण्याचा आम्हांस संकोच वाटत होता, कारण चाळीस वर्षे या गाडीचे पॉइंट त्यांनीच घासले. त्यांनी डेल्कोचा दांडा दोन बोटांत धरून हलविला आणि म्हणाले, "अण्णा, आधी बुश बदला. दांडा डुलतोय, त्यावर सोन्याचा संच बसवला तरी ठिणगी डुलणारच." लेथवर नवे बुश करून घेतले, मगच संच बसला आणि दिव्याने टायमिंग लावले. गाडी सकाळी पहिल्या चावीस सुरू होऊ लागली आणि उभी असताना इंजिनची धडधड एकसारखी झाली. पहिल्याच पावसात मात्र ती पुन्हा अडखळली. आम्ही नव्या संचास दोष देऊन मोकळे झालो होतो; पण दोष निघाला डेल्कोच्या जुन्या झाकणातील बारीक चिरेचा. तीत ओल शिरत होती. झाकण बदलल्यावर दोन पावसाळे निर्विघ्न गेले.

तरीही व्यापाऱ्याने मालाचे गुण सांगताना दोष झाकू नयेत. या संचाने गाडीची ताकद वाढत नाही. मायलेज फार वाढेल असे जो सांगेल त्याच्याकडून माल घेऊ नये. कॉइलचा ओहम संचास मानवणारा आहे ना हे मोजून घ्यावे. प्लगच्या तारा साध्या तांब्याच्या असल्यास बदलाव्यात. बॅटरीच्या तारा उलट लागल्या, किंवा इंजिन बंद असता चावी चालू राहिली, तर संच जळू शकतो. पॉइंट बिघडताना बहुधा आधी कुरकुर करतात. संच न सांगता जातो आणि व्हिजिटिंग कार्डाने दुरुस्त होत नाही. म्हणून आमच्या गाडीच्या खणात पॉइंट, कंडेन्सर आणि फट मोजण्याची पट्टी एका डब्यात कायम असते. ते कसे बसवावे हे मिस्त्रींनी चिरंजिवांस शिकविले आहे. ज्या मुलाने गाडी विका म्हटले, तो आता डोळे झाकून पॉइंट लावतो.

आणखी एक गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून, पन्नास वर्षांवरील व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांस 'व्हिंटेज' म्हणून नोंदणीची सोय केली. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. त्या नोंदणीची गाडी नित्याच्या वापरास चालत नाही, म्हणून आम्ही ती घेतलेली नाही. पुढील पिढीस घ्यावीशी वाटली, तर तिचा मार्ग आम्ही अडविलेला नाही.

व्यापारी बंधूंनो, ताडपत्रीखाली गंजत ठेवणे म्हणजे जपणे नव्हे, आणि ओळख पुसून नवे करणे म्हणजे सुधारणाही नव्हे. घरच्या माणसांनी निर्धास्तपणे बसावे एवढे नवे अवश्य घ्यावे. जुने डब्यात भरून, ते वापरण्याची विद्या मुलांच्या हाती द्यावी. गेल्या दिवाळीत नात पुढच्या आसनावर आजीच्या मांडीवर बसून चोर्ला घाटाने पणजीस गेली. सूनबाई मागे निवांत झोपल्या होत्या. आमच्या मते या सुधारणेचा याहून मोठा नफा नाही.