सोळा ओळींतले श्रीवर्धन

हातात मावणारे, चार-सहा बटणांचे आणि बोटभर पडद्याचे खेळयंत्र घरच्या घरी जुळवता येते, या गोष्टीशी साहित्याच्या अभ्यासकांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. आमच्या मते संबंध थेट आहे. मराठी मुलासाठी या यंत्रातला सर्वांत अवघड भाग विजेचा नसून लिपीचा असतो, आणि तिथे त्याच्याजवळ मराठीचा शिक्षक बहुधा नसतो.

आधी यंत्राविषयी. केव्हिन बेट्स यांचे ‘आर्डुबॉय’ २०१५ पासून लोकांसमोर आहे. रचना खुली असल्याने नवशिक्यांना तिच्या घरगुती प्रती करता येतात. एक छोटा आर्डुइनो, १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा पडदा, बटणे, बझर, बॅटरी, एवढेच सामान. चिपची चालती स्मृती २५६० बाइटची, आणि पडद्याचे ८१९२ ठिपके धरून ठेवायलाच त्यांतले १०२४ बाइट खर्ची पडतात. उरलेल्या दीड हजारांत चेंडू, शत्रू, गुणसंख्या सगळे बसवायचे. वृत्तात लिहिणाऱ्याला ही अडचण अपरिचित वाटू नये.

रायगडच्या किनाऱ्यावर तिच्यात आणखी भर पडते. अलिबाग-मुरुडच्या मुलाने सुटे भाग आणायचे ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने तिथे कोण रेझिस्टर मागायला जातो?) किंवा कुरिअरने मागवायचे. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. त्यात खारी, दमट हवा : तांबे हिरवे पडते, बटणाच्या पट्टीवर गंज चढतो आणि यंत्र दाब ओळखत नाही. डाख देऊन झाल्यावर सांध्यांवर नेलपॉलिशचा पातळ हात फिरवावा, बटणाची आतली पट्टी मात्र कोरडी ठेवावी, हा साधा उपाय. नवशिक्यांची इंग्रजी पुस्तके कोरड्या खोलीत लिहिलेली असतात. हा परिच्छेद किनाऱ्यावरच्या कोणीतरी मराठीत लिहायला हवा.

आमच्याकडे ‘ज्ञानभाषा’ म्हटले की परिभाषाकोश आठवतो. धारित्र, रोधक हे शब्द वाईट नाहीत. पण मुलगा कपॅसिटर म्हणाला म्हणून काही बिघडत नाही. उणीव नामांची नाही, वाक्यांची आहे. तार किती सोलावी, डाख चकाकण्याऐवजी मळकट दिसला तर काय समजावे, हे सांगणारे सरळ मराठी गद्य कुठे आहे? ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाल्याचा आनंद आम्हांलाही झाला, पण त्याने हे गद्य लिहून होत नाही.

आता लिपी. या पडद्यासोबत मिळणारी नेहमीची अक्षरे रोमन, पाच ठिपके रुंद आणि सात उंच. मुलाला खेळाच्या आरंभी आपल्या गावाचे नाव हवे असते : श्रीवर्धन. ‘श्री’ची वेलांटी वर, ‘र्ध’चा रफार वर, मध्ये शिरोरेघ, सात ओळींत हे मावत नाही. चौकटीच्या कागदावर सोळा ओळी आखून नाव चित्रासारखे ठिपक्या-ठिपक्याने काढावे लागते. मग ध्यानात येते की संगणकाच्या साठवणीत रफाराचा ‘र्’ ‘ध’च्या आधी असतो आणि डोळ्यांना मात्र तो ‘ध’च्या डोक्यावर दिसतो. ऱ्हस्व वेलांटीचे याच्या उलट : साठवण व्यंजनानंतर, रेखाटन आधी. उच्चार आणि लेखन यांतले हे अंतर आम्ही वर्गात व्याख्येने शिकवतो. इथे ते हाताने मोजता येते.

हा मार्ग आपल्याला नवा नाही. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचे यंत्र उभे केले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. मराठी ग्रंथव्यवहाराच्या आरंभी असा एक खटपट्या कारागीर उभा आहे, आणि आमचे अभ्यासक्रम त्याला एका ओळीत उरकतात.

२०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. सहावीपासूनची मुले तिथे जातात. मराठीच्या शिक्षकांनी तासभर तिथे बसावे, असे आम्ही सुचवतो. त्यांच्यासाठी एक प्रश्न तयारच आहे : ठिपक्यांची एक ओळ वाचवण्यासाठी शिरोरेघ गाळली तर चालेल का? गुजरातीने ती गाळली. मोडी लिहिणारे आधी रेघ ओढून अक्षरे तिला टांगत. श्रीवर्धनच्या मुलाला उत्तर आजच हवे आहे, कारण गुणसंख्येला जागा कमी पडते आहे.